कायमचा पत्ता

इंद्रभुवनाच्या मागच्या खोलीत
पंखा आहे, वारा नाही.
खिडकी क्रमांक चारचा माणूस
नव्वद सालचं रजिस्टर उलगडतो.
पान पिवळं, कडेला कसर.
"म्याकल. स्त्री जातीचं मूल. आई अनसूया."
नावाचा रकाना कोरा.
पस्तीस वर्षं मी त्या कोऱ्या रकान्यातून
ये-जा करत होते,
कुणी हटकलं नाही.

विनिपेगला मी बसचे सांगाडे जोडते.
वेल्डिंगचा मुखवटा वर केला
की काचेपलीकडे उणे अठ्ठावीस.
फोरमन बोटानं टाका चाचपतो
आणि काही न बोलता पुढे जातो,
म्हणजे चांगला.
कंपनीचं पत्र आहे. पगाराच्या चिठ्ठ्या आहेत.
तरी तिकडे माणसाचे गुण मोजतात :
भाषेचे इतके, अनुभवाचे इतके,
आणि वयाचे,
जे दर वाढदिवसाला पाच-सहा कमी होतात.
गेल्या मार्चमध्ये मी केक कापला नाही.

दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात,
एकही महिना मोकळा सोडू नका.
चाकणची सहा मुलींची खोली.
एका गुजराती बाईचं तळघर.
एक ऑगस्ट काही केल्या सापडेना.
आईला फोन केला.
"इथंच होतीस की. कावीळ झालेली.
डोळे हळदीसारखे."
तो महिना मी
सोलापूर म्हणून भरला.

पणजोबा करीमनगरकडून आले
ते खांद्यावर धोटा आणि फणी घेऊन.
गिरणीच्या फाटकावर कारकुनानं नाव विचारलं
आणि त्याला ऐकू आलं ते लिहिलं.
तेच आमचं आडनाव.
पितळी बिल्ला, चारशे सतरा नंबर,
देव्हाऱ्यात आहे अजून.
गिरणीच्या जागी पार्किंग.

आता आईचं प्रतिज्ञापत्र हवं :
तेव्हा जन्मली ती हीच.
साक्षीला दुसरं उरलंय तरी कोण.
पहाटे चारशे विड्या वळून ती आलीय,
पातळाला तंबाखूचा वास.
यंत्रावर अंगठा ठेवते. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवते. लाल.
दुसऱ्या हाताचा. लाल.
"मावशी, रेषाच नाहीत तुमच्या,"
समोरचा पोरगा म्हणतो, रागानं नाही.
चाळीस वर्षं तेंदूच्या पानांनी
एकेक करून नेल्या त्या.
ती माझ्याकडे वळून हळूच तेलुगूत विचारते,
माझं काही चुकलं का गं?

माझी दहाही बोटं
तिकडच्या काचेवर पहिल्या झटक्यात उमटली होती.

शेवटी खिडकी चारचा माणूस
खणातून शाईचा जुना पॅड काढतो,
त्यावर थोडं पाणी शिंपडतो.
आईचा अंगठा कागदावर : निळा,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
मग तो कोऱ्या रकान्यात लिहितो, शशीरेखा.
"शि पहिली," मी म्हणते.
"काय फरक पडतो?"
"पडतो साहेब."
तो खोडतो, खोडल्यावर सही करतो,
सहीवर शिक्का मारतो.

रिक्षात आई म्हणाली,
"म्हणजे आता तू तिथलीच. कायमची."
"अजून नाही. झालंच तर कार्ड येईल.
पाच वर्षांचं. मग नवीन काढायचं."
ती इतकी हसली
की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
"कायमचं म्हणे! आणि पाच वर्षांचं!"

घरी आल्या आल्या तिनं सूप पुढ्यात ओढलं.
संध्याकाळच्या आत सहाशे व्हायच्यात.
अंगठा धुतला नव्हता.
पहिल्या पंचवीसच्या जुडीवर निळे डाग.
"छाटात काढतील ही," ती म्हणाली
आणि जुडी बाजूला ठेवली, मोडली नाही.

उद्या पोलीस आयुक्तालय, चारित्र्याचा दाखला.
अर्ज मांडीवर घेते.
नावाखाली दुसरीच ओळ, कायमचा पत्ता.
पेन हातात आहे.
मागं आईची कात्री
पानं कापतेय, एका मापाची.